दिवसाची लाईट

सौरऊर्जेबद्दल शेतकऱ्याचे मत हवे असेल, तर त्याच्यापुढे मेगावॉटचे आकडे मांडू नयेत. ‘लाईट कधी असते?’ एवढेच विचारावे.

महाराष्ट्रात शेतीची थ्री-फेज वीज वर्षानुवर्षे पाळीने आली आहे. काही दिवस उजेडी, काही दिवस रात्री. रात्रपाळीत गव्हाला दारे धरायला गेलेला माणूस एका हातात बॅटरी, दुसऱ्यात खोरे घेऊन थंडीत चिखलात उभा असतो. जुन्नर-शिरूरकडे त्याचा एक कान उसातल्या सळसळीवरही असतो, कारण बिबट्या तिथे ऐकीव गोष्ट नाही. ज्याला हे नको, तो मोटारीला ऑटोस्विच लावून घरी झोपतो. लाईट आली की एका डीपीवरच्या साऱ्या मोटारी एकदम उचलतात, डीपी जळते आणि ऐन पाण्याच्या वेळी पीक वाळत बसते.

म्हणून 2017 साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतली कल्पना दिसते त्याहून मोठी आहे. राळेगणसिद्धीपासून आरंभ झाला. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर काही मेगावॉटचा प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट शेतीच्या फिडरवर सोडायची. वीज तिथेच तयार होते, तिथेच खपते. लांबच्या तारांतली गळती वाचते. मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. राजस्थानातल्या भडलासारखे दोन हजार मेगावॉटचे अवाढव्य सौरपार्क छायाचित्रात शोभून दिसते, पण विहिरीवरच्या मोटारीला जवळचा छोटा प्रकल्पच जास्त उपयोगी, याबद्दल अभियंत्यांत तरी दुमत नसावे.

ऋतूही साथ देतात. आषाढ-श्रावणात आभाळ भरून येते, निर्मिती घटते. पण तेव्हा मोटारीही बंदच असतात. रब्बीत कांदा, गहू, हरभरा पाणी मागतात, तेव्हा आकाश निरभ्र असते. विदर्भाचे ऊन मात्र फसवे. पॅनेलला उजेड हवा, उष्णता नको. 25 अंशांच्या वर तापमानाच्या दर अंशामागे सिलिकॉनच्या पॅनेलची क्षमता साधारण 0.4 टक्क्याने उतरते. त्यात मळणीच्या दिवसांतला भुसा आणि धूळ! पॅनेल धुवायला पाणी कुठून आणायचे, हे निविदेत ठळक लिहिलेले असावे.

पाण्याचाच दुसरा धोका जमिनीखाली आहे. स्वतंत्र सौरपंपाला वीजबिल नाही, म्हणून तो सूर्य मावळेपर्यंत उपसत राहू शकतो. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावी सहा शेतकऱ्यांनी 2016 मध्ये सहकारी संस्था करून यावर तोड काढली: पिकाला पुरेसे पाणी द्यायचे, उरलेली वीज कंपनीला विकायची. न उपसलेल्या पाण्याचेही पैसे मिळू लागले. सहकाराचा वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राने हा प्रयोग गुजरातकडून शिकावा, हे थोडे लाजिरवाणेच.

राहता राहिले गायरान. सरकारी पड जमीन कागदावर रिकामी असते; गावात तिच्यावर कुणाच्या शेळ्या चरतात, कुणाच्या मेंढ्या बसतात. प्रकल्पाला जमीन देणाऱ्या खातेदाराला वर्षाचे भाडे मिळते, मेंढपाळाला मात्र तारेचे कुंपण. काही गावांनी याच कारणाने प्रकल्पांना विरोध केला आणि त्याला आडमुठेपणा म्हणून मोकळे होणे सोपे होते. पॅनेलचे सांगाडे थोडे उंच घेतले तर खाली गवत वाढते आणि मेंढ्याही चरू शकतात. खर्च वाढतो, हे खरे. तो कुणी सोसायचा, हे आधी ठरवावे.