मैलकुली गेला, खड्डे राहिले

डहाणू तालुक्यातील कासा हे गाव चारोटी नाक्यावरून जव्हारकडे निघाले की लागते. येथील उपजिल्हा रुग्णालयात आसपासच्या पाड्यांतून रुग्ण येतात. ज्या वाटेने ते येतात, ती वाट मात्र एका मालकाची नाही. मुंबई–अहमदाबाद महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, डहाणू–जव्हार मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, आतले जोडरस्ते जिल्हा परिषदेचे आणि गावठाणातली गल्ली ग्रामपंचायतीची. पाऊस चारही मालकांच्या हद्दीत सारखाच पडतो. खड्डा पडला की तो बुजवायचा कसा, यापेक्षा तो कोणाचा, हाच प्रश्न आधी उभा राहतो.

रस्त्यांची ही प्रतवारी १९४३ साली नागपूरला भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेतून आली. राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण असे वर्ग पाडणे बांधणीच्या व खर्चाच्या दृष्टीने सोयीचे होते, यात शंका नाही. परंतु नागरिकाची तक्रार या वर्गांच्या सांध्यांत अडकते. महामार्गासाठी १०३३ हा दूरध्वनी क्रमांक आहे, प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील रस्त्यांसाठी २०१५ पासून ‘मेरी सडक’ हे अ‍ॅप आहे. म्हणजे तक्रार करण्यापूर्वी आपण कोणत्या योजनेच्या रस्त्यावर पडलो, हे वारली मजुराने ठरवावे, अशी अपेक्षा आहे!

शहरांत न्यायालयाने काही केले, हे मान्य केले पाहिजे. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०१३ साली मुंबईतील खड्ड्यांविषयी लिहिलेल्या पत्रावरून उच्च न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. चांगला रस्ता मिळणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्वाळा एप्रिल २०१८ मध्ये मिळाला. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई आणि कळविलेल्या खड्ड्याची ४८ तासांत दखल, असा दंडक घातला. ती रक्कम जबाबदार ठेकेदार व अधिकाऱ्यांकडून वसूल करण्यासही सांगितले. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात खड्ड्यांमुळे १,८५६ माणसे मेली, हे लक्षात घेतले तर हा दंडक कठोर म्हणता येणार नाही. तथापि भरपाईची व्यवस्था अपघातानंतर सुरू होते आणि ४८ तासांची मुदत खड्डा कोणी तरी कळविल्यानंतर. कळवायचे कोणी?

एकेकाळी याचे उत्तर सोपे होते. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रस्त्यावर मैलकुली असे. ठरावीक अंतराचा रस्ता त्याच्या नावावर. रोज तो त्यावरून चालायचा, कडेचे चर मोकळे करायचा, साईडपट्टीवर मुरूम टाकायचा, बारीकसा खळगा दिसला की खडी ठोकून बसवायचा. तक्रार नोंदविणारा तोच आणि ती निवारणाराही तोच. डांबराला पाण्याचे वावडे असते. चर तुंबला की पाणी रस्त्यावर थांबते, भेगेतून आत शिरते आणि चाकांच्या दाबाने खडी सुटू लागते. मैलकुलीची कुदळ त्या पाण्याला वाट करून देत होती. काटकसरीच्या नावाखाली ही भरती आटत गेली, काम ठेकेदाराकडे गेले. ठेकेदार रस्त्यावरून चालत नाही; निविदा निघाल्यावर येतो. भर पावसात चिखलाने भरलेल्या खड्ड्यात मुरूम ओतून जातो. खड्डा चौकोनी कापून, साफ करून, डांबराचा हात देऊन थराथराने दाबला नाही, तर पुढच्या सरीत सारे वाहून जाणार, हे त्यालाही ठाऊक असते. पण मोजमाप वहीत नोंद झालेली असते. आणि बिलही.

दुसरी गोष्ट ओझ्याची. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या चाचणीतून असा नियम निघाला की, आसावरचा भार वाढला की रस्त्याची झीज ढोबळमानाने त्याच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट, तर झीज सोळापट. आपल्याकडे २०१८ साली चार टायरच्या एका आसासाठीची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली गेली. भार आठव्या हिश्शाने वाढला, झीज मात्र सुमारे दीडपटीहून अधिक. मुंबई–वडोदरा द्रुतगती मार्ग आणि बुलेट ट्रेन यांची कामे डहाणू–तलासरीतून जातात. खडी-मुरुमाचे ट्रक ज्या ग्रामीण रस्त्यांवरून धावतात, ते एवढ्या वजनासाठी बांधलेलेच नाहीत. वाहतुकीचा नफा एकाकडे आणि रस्त्याची झीज पाड्याकडे, ही वाटणी कोणत्या अर्थशास्त्रात बसते?

पैसा नाही ही सबब टिकणारी नाही. बॅ. मुकुंदराव जयकरांच्या समितीने १९२८ च्या अहवालात पेट्रोलवरील कराचा पैसा रस्त्यांसाठी राखून ठेवावा असे सुचविले होते. इंधनावरील रस्ते उपकर आजही मोटारसायकलवाला मजूर भरतोच. नव्या रस्त्याचे उद्‍घाटन होते, चर उपसण्याचे होत नाही, एवढाच काय तो फरक.

म्हणून मागणी अशी हवी की, दर काही किलोमीटरला एक बारमाही रस्ता-राखणदार नेमावा, आणि तो त्याच गावचा आदिवासी तरुण असावा. ज्यांना दिवाळीनंतर वीटभट्टीची वाट धरावी लागते, त्यांच्यापैकी काहींना तरी त्यातून हक्काचे काम मिळेल. त्याच्या कामावर देखरेख ग्रामसभेची असावी. हा अनुसूचित क्षेत्राचा भाग आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने पंचायतीच्या योजनांवरील खर्चाचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे; तोच न्याय बांधकाम विभागाच्या व जिल्हा परिषदेच्या रस्त्यांना लावण्याची मागणी करता येईल.

तोवर कार्यकर्त्यांनी थांबण्याचे कारण नाही. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत खड्ड्यांची वही उघडावी: जागा, तारीख, रस्ता कोणत्या खात्याचा, ठेकेदाराच्या दोषदायित्वाची मुदत कधी संपते. मुदत फलकावर नसेल तर माहितीच्या अधिकारात मागावी. तक्रार एकट्याच्या नावाने न जाता ठरावाच्या प्रतीसह जावी आणि पोच घ्यावी. २ ऑक्टोबरच्या सभेत ती वही सर्वांसमोर वाचावी, कारण पुढच्या सभेपर्यंत पाड्यांतली बरीचशी माणसे भट्ट्यांवर गेलेली असतील.