मातीची भीती

आमच्याकडे माणूस गेला की आधी पाणी तापवतात. मयताला शेवटची आंघोळ घालायची, कफन नेसवायचं, जनाज्याला खांदा द्यायचा आणि कबरीत तीन मुठी माती टाकायची. ‘मूठमाती’ हा शब्द तुम्हालाही परका नाही. मार्च २०२० मध्ये करोना आला आणि या साध्या क्रमातली एकेक गोष्ट भीतीची झाली.

तेव्हा आपण कशाकशाला घाबरलो ते आठवून पाहा. दुधाची पिशवी साबणानं धुतली, वर्तमानपत्र उन्हात टाकलं, कापराची पुरचुंडी हुंगली. कापूर २००९ च्या स्वाइन फ्लूतही होताच. रोग बदलतात, आपला कापूर तोच! यानं कुणाचं बिघडलं नाही. पण एक समजूत अशी होती की तिनं मेलेल्या माणसाची जागा काढून घेतली. मयत पुरलं तर रोग मातीतून वस्तीत पसरतो, ही ती समजूत.

३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेनं परिपत्रक काढलं, की करोनानं दगावलेल्याचं, धर्म कोणताही असो, दहनच करावं. त्याच दिवशी ते बदललंही. पण भीतीवर सरकारी शिक्का तर उमटला. दोनच दिवसांनी, १ एप्रिलला, मालाडच्या मालवणीतल्या एका मुसलमान गृहस्थांना तिथल्या कब्रस्तानात जागा नाकारली गेली. नाकारणारे आमचेच होते, हे सांगायला हवं. अखेर हिंदू स्मशानभूमीत त्यांचं दहन झालं.

नाकारणाऱ्यांना निर्दय म्हणून मोकळं होता येईल. मला ते जमत नाही. उपनगरांत वस्ती कब्रस्तानाच्या भिंतीला टेकलेली असते. पण श्रोतेहो, कुणी एकानं तरी डॉक्टरला विचारायला हवं होतं. हा रोग पसरतो तो मुख्यतः श्वासातून, खोकल्यातून, बोलण्यातून. मेलेला माणूस श्वास सोडत नाही. सांभाळायचं होतं ते मयत हाताळणाऱ्यांनी. म्हणून केंद्र सरकारच्या १५ मार्च २०२० च्या सूचनांत आंघोळ घालायला, मिठी मारायला मनाई होती. पिशवीची चेन उघडून चेहरा दाखवायला आणि स्पर्श न करता प्रार्थना म्हणायला मुभा होती. पुरू नका, असं त्यात नव्हतं.

पुढं वांद्र्याच्या कब्रस्तानांत असे दफनविधी नकोत म्हणून काही जण उच्च न्यायालयात गेले. मृतदेहातून संसर्ग पसरतो याला पुरावा नाही, असं सांगत न्यायालयानं २२ मे २०२० ला याचिका फेटाळली. मालवणीच्या त्या घराला हा निकाल ५१ दिवस उशिरा मिळाला.

अग्नीत काही उणं आहे असं मी म्हणत नाही. माझे कितीतरी मित्र मी आंबोलीच्या स्मशानात पोचवून आलोय. ती त्यांची रीत होती, त्यांच्या घरच्यांनी ती केली. इथं रीत भीतीनं ठरवली.

त्या १ एप्रिलनंतर आठवड्याभरातच शबे बारात आली. त्या रात्री लोक आपल्या माणसांच्या कबरींवर फातिहा पढायला जातात. त्या वर्षी टाळेबंदीमुळे सगळ्यांनीच तो घरी पढला. नंतर कब्रस्तानांची दारं उघडली. त्या घरच्यांनी कुठं जायचं?