पेन्सिल कुणाच्या हाती?



आज माढ्याच्या या बैठकीस दोन तऱ्हेची माणसे जमली आहेत. पुढे बसलेल्या आयाबाया आणि बापेमाणसे नुकतीच लिहायवाचायला लागली आहेत. मागे भिंतीशी उभे आहेत ते त्यांचे मास्तर. मास्तर कसले, कुणी नववीत, कुणी कॉलेजात! आमचे आजचे बोलणे आहे ते त्या मुलामुलींसाठी. पण ऐकायचे आहे तुम्ही पुढच्यांनीही. शिकवणारा नीट वागतो की नाही, हे शिकणाऱ्यालाच आधी कळते.

शिकणाऱ्याने दुसऱ्यास शिकवावे ही रीत आपल्या देशात जुनी आहे. पंतोजीच्या शाळेत मोठा मुलगा धाकट्याकडून धुळाक्षरे गिरवून घेई. मद्रासला अँड्र्यू बेल नावाचा एक पाद्री होता. त्याने इथली मुले वाळूत अक्षरे काढताना पाहिली. ती रीत त्याने आपल्या अनाथ मुलांच्या शाळेत लावली, मोठ्या मुलांना धाकट्यांचे मास्तर केले, आणि १७९७ साली विलायतेत त्यावर पुस्तक छापले. तिकडे ती मद्रासची पद्धत म्हणून गाजली. मोठ्या माणसांना शिकवणेही आपल्याकडे नवे नाही. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती.

सरकारने २०२२ ते २०२७ या वर्षांसाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम आखला. त्याला ‘उल्लास’ म्हणतात. पंधरा वर्षांपुढच्या ज्यांना लिहितावाचता येत नाही, त्यांच्यासाठी तो आहे. यात शिकवणारा स्वयंसेवक असतो, त्याला पगार नाही. विद्यार्थीही स्वयंसेवक होऊ शकतात.

आता कुणी म्हणेल, पोरे फुकट शिकवतात, मग त्यांना नियम कशाला? इथेच तर गोम आहे. ज्याला वाचता येते, त्याच्या हाती न वाचणाऱ्याची दोरी जाते. पोरगे सोळा वर्षांचे असते, समोरची बाई साठीची. पण कागद उघडला की पोरगे मोठे होते आणि बाई लहान होते. पैसे न घेताही हे होते.

एका गावातली गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. सांगितले तर ज्या चुकीबद्दल बोलतो आहोत, तीच आमच्या हातून व्हायची.

तिथे एक मावशी वर्गाला येत. एकट्या राहत. निराधाराचे पैसे त्यांच्या खात्यावर जमा होत. एके दिवशी त्यांनी पासबुक काढून शिकवणाऱ्या मुलापुढे धरले. “बाळा, किती हायत बघ की.” मुलाने वाचून आकडा सांगितला. मावशी खूश झाल्या. त्यांनी पै-पै करून साठवले होते.

मुलगा चांगला होता बरे का. त्याला वाटले, ही कौतुकाची गोष्ट आहे. संध्याकाळी पारावर तो बोलून गेला, “मावशींनी लई पैसे साठवलेत.” आठ दिवसांत ते मावशींच्या लेकाच्या कानी गेले. उसाच्या लागणीला पैसे हवेत म्हणून तो दारात उभा राहिला. मावशींनी दिले. आईच ती, काय करणार? ते पैसे काही परत आले नाहीत.

मावशी कुणावर रागावल्या नाहीत. नुसत्या वर्गाला यायच्या थांबल्या. आम्ही विचारले तर म्हणाल्या, “कामं हायत.” खरे काय झाले ते पुढे कळले. आम्ही त्या मुलाला सांगितले, तू एकटाच जा आणि चूक कबूल कर. तो गेला, मान खाली घालून उंबऱ्यापाशी उभा राहिला. मावशी म्हणाल्या, “बस, च्या घे. पर आता अक्षरं ऱ्हाऊ देत. मला आधी आकडे शिकव. माझं पासबुक आता मीच वाचणार.”

म्हणून मुलांनो, कुणाचे पासबुक, पोरीचे पत्र, दवाखान्याचा कागद, सातबारा तुम्ही वाचून दाखवलात, तर ते तुमच्या पोटात राहिले पाहिजे. आईलाही सांगू नका. आणि कुणी विचारले, “यावर सही करू का?” तर कागदात आहे तेवढे वाचून दाखवा. समजले नाही तर “मला हे कळत नाही, जाणत्याला विचारू,” असे सांगा. यात कमीपणा नाही. उगाच अंदाजाने सांगाल तर एखाद्याची जमीन जाईल.

दुसरी चूक मायेपोटी होते. हात थरथरतो, अक्षर वाकडे येते, मग पोरगे पेन्सिल स्वतःच्या हाती घेते. १७ मार्च २०२४ रोजी आपल्या राज्यात या कार्यक्रमाची परीक्षा झाली. दीडशे गुणांची: वाचन पन्नास, लेखन पन्नास, आकडेमोड पन्नास. अशा परीक्षेत मास्तराला वाटते, आपल्या आजीने नापास होऊ नये, चार ओळी आपणच लिहाव्यात. लिहाल तर आजीच्या घरी प्रमाणपत्र येईल, पण काट्यावरून आलेली उसाच्या वजनाची पावती तिला तशीच परकी राहील. कुर्डुवाडी स्टेशनात उभी राहून ती पुन्हा दुसऱ्यालाच विचारील, गाडी कुठली? वाकडे का होईना, तिचे तिला लिहू द्या. वर्गाला न आलेल्या माणसाची हजेरी मांडणे हेही त्यातलेच.

बोलण्याविषयी थोडके सांगतो. शाळेतल्या मुलाला मारू नये, त्याच्या मनाला छळू नये, असा २००९ चा कायदा आहे. मोठ्या माणसाला कुणी छडी मारत नाही, पण शब्दाची छडी बसते. “कालच तर सांगितलं होतं!” एवढे म्हटले तरी दिवसभर ज्वारी काढून आलेला माणूस उद्या येत नाही. काका, मावशी, आजी म्हणूनच बोला. नात्यागोत्याच्या, वाड्यावस्तीच्या भेदाने पाटी पुढेमागे ठेवू नका. वेळ ठरवलीत तर पाळा. आणि पैसे? शिकवणी करून पैसे मिळवण्यात वाईट काही नाही, कर्मवीर भाऊराव पाटलांनीही सातारला शिकवण्या केल्या होत्या. पण ते आधी सांगून घ्यायचे. इथे फुकट म्हटले आहे, तर शेर-अधोली शेंगाही मागायच्या नाहीत.

आता पुढच्यांनो, तुमच्याकडेही काही लागते. शिकवायला आलेल्या पोराला दुकानात पिटाळू नका. त्याच्याकडून खोटा अर्ज लिहून घेऊ नका. मुलगी शिकवत असेल तर वर्ग ओसरीवर, चार माणसांच्या डोळ्यांसमोर भरू द्या आणि अंधार पडला तर दोघींनी तिला घरापर्यंत सोडा. तिची आई वाट बघत असते.

आमचे बोलणे झाले. आता कुणाला काही विचारायचे असेल तर आधी पुढच्यांनी विचारावे. मागच्या मास्तरांनी तोवर गप्प बसून ऐकावे.