चार दशकांची चढण



हृषिकेश मुळगावकर, अनिल टिपणीस, प्रदीप नाईक आणि विवेक राम चौधरी. भारतीय हवाई दलाचे प्रमुखपद भूषवणाऱ्या या चार मराठी अधिकाऱ्यांचा आपल्याला अभिमान वाटतो. पण त्या पदापर्यंत पोहोचायला किती काळ लागतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. मुळगावकर १९४० साली सेवेत आले, प्रमुख झाले १९७६ साली. नाईक यांनी १९६९ साली सुरुवात केली, प्रमुखपद मिळाले २००९ साली. चौधरी १९८२ साली रुजू झाले आणि २०२१ साली दलप्रमुख झाले.

साधारण विंग कमांडरपर्यंतची बढती ठरावीक सेवा आणि परीक्षा पूर्ण केल्यावर मिळते. त्यापुढे, ग्रुप कॅप्टनपासून, निवड मंडळाची चाळणी लागते. जागा मोजक्या आणि लायक अधिकारी अनेक. तेव्हा वर्षानुवर्षांचे गोपनीय अहवाल पाहिले जातात, स्क्वॉड्रन कशी सांभाळली हे पाहिले जाते. अनेक उत्तम वैमानिक इथेच थांबतात. वर जाणाऱ्याला हळूहळू कॉकपिट सोडावे लागते आणि इतरांच्या उड्डाणांची जबाबदारी घ्यावी लागते.

ही जबाबदारी किती जड असते, ते १९९९ च्या कारगिल युद्धात दिसले. टिपणीस तेव्हा प्रमुख होते. नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, असा सरकारचा आदेश होता. हल्ले २६ मे रोजी सुरू झाले आणि पहिल्या तीन दिवसांतच दोन लढाऊ विमाने व एक हेलिकॉप्टर गमवावे लागले. हवाई दलाने आदेशाची मर्यादा पाळली, डावपेच मात्र बदलले. विमाने अधिक उंचीवरून मारा करू लागली, मिराज-२००० मोहिमेत उतरली आणि टायगर हिलवर अचूक बॉम्ब पडले. आघात सोसून योग्य निर्णय घेणे, हीच उच्च पदाची खरी कसोटी.

ही चढण खेड्यातूनही चढता येते. चौधरी मूळचे नांदेड जिल्ह्यातल्या हस्तरा गावचे. तेव्हा खेड्यातल्या पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलांना गणित आणि भौतिकशास्त्र मनापासून शिकू द्या, बारावीच्या वर्षी एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, अर्ज भरू द्या. २०२२ पासून खडकवासल्याच्या या प्रबोधिनीचे दार मुलींनाही उघडले आहे. त्यांनाही मागे ठेवू नका.