आधी सनद दाखवा



ज्ञानासाठी चीनला जावं लागलं तरी जा, ही हदीस सकाळपासून दोन-तीन वक्त्यांनी सांगितली आणि टाळ्या घेतल्या. माझी हरकत नोंदवून घ्या. ती अबू आतिका नावाच्या रावीवर, म्हणजे कथन करणाऱ्यावर, उभी आहे आणि खुद्द इमाम बुखारींनी त्याला नाकारलं आहे. बाराव्या शतकात बगदादच्या इब्नुल जौझींनी ती बनावट हदिसांच्या ग्रंथात घातली. शिक्षणाचा आग्रह मीही धरतो. पण हेतू चांगला आहे म्हणून पैगंबरांच्या तोंडी वाक्य घालायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

आपल्याकडे शंका काढली की इमान कच्चं ठरवतात. अहो, हे शास्त्रच शंकेतून उभं राहिलं! राजकीय भांडणांत आणि पंथांच्या चढाओढीत खोट्या रिवायतींचं, म्हणजे कथनांचं, पीक आलं, तेव्हा जाणकार सनद, म्हणजे कथन करणाऱ्यांची साखळी, विचारू लागले: तुला कोणी सांगितलं? त्याला कोणी? त्याची स्मरणशक्ती कशी होती? हजारो रावींची चरित्रं या चौकशीतून लिहिली गेली. इमाम मुस्लिम (मृत्यू 875) आपल्या 'सहीह' या हदीससंग्रहाच्या प्रस्तावनेत याह्या अल-कत्तान यांचं मत नोंदवतात, की नेक माणसं हदिसीच्या बाबतीत जितकी खोटी पडतात तितकी दुसऱ्या कशातच पडत नाहीत. मुद्दाम नव्हे, खोटं त्यांच्या जिभेवर येऊन जातं, असा खुलासाही ते करतात. नेक माणसं, बरं का! नमाज आणि परहेजगारी सनदीच्या जागी चालली नाही. मग मोबाइलवर आलेला मजकूर कसा चालतो?

आणि सगळंच पैगंबरांनंतर दोनशे वर्षांनी लिहिलेलं ऐकीव म्हणून झटकणाऱ्या माझ्या पुरोगामी मित्रांनाही सोडत नाही. इमाम मालिक 795 साली वारले. त्यांचा 'मुवत्ता' हा हदीससंग्रह बुखारींच्या जन्माआधीचा. पैगंबरांचे सहकारी अबू हुरैरा यांचे शिष्य हम्माम यांची हदिसांची वही तर त्याहूनही जुनी. आपल्या हैदराबादच्या डॉ. मुहम्मद हमीदुल्लांनी दमास्कस आणि बर्लिनच्या हस्तलिखितांवरून ती छापून काढली. ती वाचल्याशिवाय निकाल देणं हाही आळसच.

ही काटेकोर परंपरा फक्त पुरुषांची नव्हती. अकराव्या शतकात करीमा मरवझिया मक्केत बुखारींची 'सहीह' शिकवत. हदीसचे विद्वान खतीब बगदादी हजला गेले तेव्हा त्यांनी पाच दिवसांत तो अख्खा ग्रंथ करीमांसमोर वाचला. विद्यार्थ्याची प्रत मूळ प्रतीशी ताडून पाहण्याबाबत बाई कडक होत्या. आणि आपण? बाईंनी मशिदीत यावं की नाही, यावर अजून बैठका घेतो!

ही परंपरा आपल्यापासून दूरही नाही. शेजारच्या गुजरातेत, पाटणच्या मुहम्मद ताहिर यांनी सोळाव्या शतकात बनावट हदिसांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांचे गुरू अली मुत्तकी हे तापीकाठच्या बुऱ्हाणपूरचे. माझी मागणी साधी आहे. ताहिर यांचा तो ग्रंथ मराठी वाचकाच्या हातात द्या, आणि उद्यापासून या व्यासपीठावर हदीस सांगणाऱ्याने ती कोणत्या ग्रंथातली आणि जाणकारांनी तिला कोणता दर्जा दिला, हे आधी सांगावं. ठराव मी मांडतो. विरोध असेल त्याने उभं राहून बोलावं.