मुलाच्या हाती रंधा कोणी द्यावा?



शिरूर तालुक्यातील पाबळ हे गाव बाहेरच्या लोकांना ठाऊक असते ते मुख्यतः मस्तानीच्या समाधीमुळे. शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी मात्र त्याची नोंद वेगळ्या कारणासाठी ठेवावयास हवी. हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली या अवर्षणग्रस्त गावात विज्ञान आश्रम स्थापन केला. शाळेत जाण्यापूर्वी मूल ज्या रीतीने शिकते, म्हणजे हाताने करून, मोडून, पुन्हा जोडून, त्याच रीतीने ते शाळेतही शिकू शकते, ही त्यांची धारणा होती.

ही रीत घरी कशी चालते? सहासात वर्षांचे मूल वडिलांच्या किंवा आईच्या शेजारी बसून लाकूडकाम शिकू लागते. त्याच्यापुढे प्रथम पांगाऱ्यासारखे मऊ लाकूड ठेवावे. सावंतवाडीच्या कारागिरांनी खेळण्यांसाठी तेच निवडले ते उगाच नव्हे. बाभळीवर करवत चालविण्याचा आग्रह धरला तर मूल पहिल्याच दिवशी हिरमुसते. आधी काचकागदाने घासणे, मग खिळा ठोकणे, मग आखलेल्या रेषेवर लहान करवतीने कापणे आणि पटाशी सर्वांत शेवटी, असा क्रम समंजस पालक ठेवतो. लाकूड शिकंज्यात घट्ट आवळलेले असले म्हणजे मुलाचे दोन्ही हात धारेच्या मागे राहतात. धार बोथट ठेवली की मूल सुरक्षित राहते, ही समजूत चुकीची आहे. बोथट हत्याराला जोर अधिक लावावा लागतो आणि जोर लावलेले हत्यार निसटते. रंधा लाकडाच्या तंतूंच्या उलट दिशेने चालविला की पृष्ठभाग उचकटतो. वडील काही बोलण्यापूर्वीच लाकूड मुलाला त्याची चूक सांगून टाकते. वहीतली चूक दाखविण्यासाठी गुरुजी लागतात, येथे त्यांचीही गरज पडत नाही. गुण्या लावून कोपरा तपासलेल्या मुलाला पुढे भूमितीतला काटकोन परका वाटत नाही.

तथापि हेच चित्र दोन घरांत दोन नावांनी ओळखले जाते. पगारदार नोकराच्या घरी त्याला छंद म्हणतात आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवितात. सुताराच्या घरी त्याला बापाचा धंदा म्हणतात. अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर तेच श्रम एकीकडे उपभोगात मोडतात, दुसरीकडे उत्पादनात. बलुतेदारीत सुताराने नांगर, पाभर, कुळव, बैलगाडी यांची देखभाल वर्षभर करावयाची आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यावयाचा, असा रिवाज होता. त्याच्या मुलाने वाकस उचलणे ही निवड नव्हती, जन्माबरोबर आलेला हुकूम होता. (त्याच्या बहिणीच्या हाती तो वाकस कोणी दिला नाही, हेही लक्षात ठेवावयास हवे.) पुढे लोखंडी नांगर आला, ट्रॅक्टर आला, बलुते तुटले, परंतु त्या घरात साठलेल्या ज्ञानाला शाळेच्या गुणपत्रिकेत एका गुणाचीही जागा मिळाली नाही.

हा पेच जुना आहे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने जी मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखली, तीत सुतारकामाचाही समावेश होता. पांढरपेशा समाजाने ती खेड्यातल्या मुलांसाठी ठीक म्हणून मान्य केली आणि स्वतःची मुले दुसऱ्या शाळांत घातली. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी अर्धा वेळ शाळा आणि उरलेला वेळ घरच्या व्यवसायाचे शिक्षण अशी योजना आणली. तिला ‘कुलशिक्षण’ हे नाव देऊन द्रविड चळवळीने कडवा विरोध केला आणि १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती मागे घेण्यात आली. मुलाचा उद्योग त्याच्या बापाच्या जातीवरून ठरविण्याला हा विरोध होता, आणि तो सर्वथा न्याय्य होता.

आजचा कायदाही या पेचातून सुटलेला नाही. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांच्या श्रमावर सर्वत्र बंदी घातली. पण कुटुंबाच्या, धोकादायक नसलेल्या व्यवसायात शाळेनंतर व सुटीत मदत करण्याची मुभा ठेवली. ही मुभा काढली तर मुलाला रंधा शिकविणारा बापही गुन्हेगार ठरेल. ठेवली तर शिकणे कोठे संपते आणि राबणे कोठे सुरू होते, हे निरीक्षकाला दारातून दिसणार नाही. कसोटी एकच संभवते: मुलाने केलेली वस्तू विकली गेली नाही तर घरची चूल अडते काय? अडत असेल तर ते शिक्षण नव्हे.

पाबळचे महत्त्व येथे आहे. आश्रमाने ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय शाळेतच आणला. आठवी ते दहावीची मुले-मुली आठवड्यातला एक दिवस लाकूड, लोखंड, वीज, शेती, अन्न आणि आरोग्य यांतील कामे स्वतः करतात, गावाला उपयोगी पडेल असे काही बनवितात. माध्यमिक शालान्त मंडळाने त्यास मान्यता दिल्यामुळे हाताच्या कामाला गुण मिळाले. एकाच बाकावर सर्वांची मुले करवत धरतात तेव्हा करवतीची जात पुसट होते. हा मार्ग यंत्रविरोधी आहे असाही गैरसमज नको. २००२ साली त्याच आवारात अमेरिकेतील एम. आय. टी.च्या सहकार्याने संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची फॅब लॅब उभी राहिली.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस ‘दप्तराविना’ ठेवावेत आणि त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली शिकावे, असे म्हटले आहे. कल्पना चांगली आहे, पण दहा दिवसांत रंध्याच्या पात्याला नीट धार लावणेही येत नाही. शिवाय एक व्यावहारिक प्रश्न उरतो. त्या दिवसांत सुताराचा रोज बुडणार, तो कोणी भरावयाचा? शाळेने त्याला पाहुणा म्हणून बोलवावे, चहा पाजावा, शाल द्यावी, असे चालणार नाही. त्याला शिक्षक म्हणून वर्षभराचे मानधन मिळाले पाहिजे आणि हजेरीपटावर त्याची सही शिक्षकांच्या रकान्यात झाली पाहिजे. जिल्हा परिषदेच्या पुढील अंदाजपत्रकात ही बाब समाविष्ट व्हावी, यासाठी तालुक्यातालुक्यांतील कार्यकर्त्यांनी प्रथम आपापल्या गावी आज किती सुतार काम करीत आहेत याची यादी करावयास हवी.