हजेरीचा हुकूम आणि कामगाराची संमती
(जुन्नर येथे कार्यकर्त्यांपुढे झालेले भाषण)



पोटासाठी घर सोडणे जुन्नर-आंबेगावच्या माणसाला नवे नाही. येथील कित्येक पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि माथाडीच्या कामावर गेल्या. गिरणीतला साचा घरी आणता येत नव्हता, म्हणून कामगाराला साच्यापाशी जावे लागले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि हिंजवडीच्या संगणक-कंपन्यांत काम करणारी मुले-मुली लॅपटॉप घेऊन ओतूर, नारायणगाव, घोडेगावला परतली. जणू साचाच घरी आला! तरीही कंपन्यांचे काम अडले नाही.

पुढे बोलावणी सुरू झाली. टाटा कन्सल्टन्सीने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाच दिवस कचेरीत येण्यास सांगितले. इन्फोसिसने मार्च २०२५ पासून महिन्याला किमान १० दिवसांच्या हजेरीची अट अधिक कडक केली. या हुकमांविषयीच्या नाराजीला आळस म्हणणे सोपे आहे. पण हिशेब काय सांगतो? जुन्नरहून हिंजवडी सुमारे शंभर किलोमीटर, वाटेत चाकणची कोंडी. रोज ये-जा अशक्य. म्हणून वाकडला भाड्याची खोली आणि खाणावळ आली. पगाराचा आकडा तोच राहिला, हातात उरणारी रक्कम मात्र घटली. ही वेतनकपातच होय, फक्त ती पगारपत्रकावर दिसत नाही. घरी म्हातारे आई-वडील वा तान्हे मूल असेल, तर त्याची किंमत पैशात मोजताही येत नाही.

नवशिक्या माणसाला जाणत्याच्या शेजारी बसून शिकता येते, हे व्यवस्थापनाचे म्हणणे खरे आहे. परंतु त्यासाठी ठरावीक दिवस पुरतात. सर्वांना सरसकट हुकूम कशाला?

मात्र घर म्हणजे मुक्ती, असाही भ्रम नको. शेजारच्या संगमनेर-सिन्नरकडे विडी वळणाऱ्या स्त्रिया घरीच काम करीत आल्या. त्या एकेकट्या होत्या, म्हणून मालकाला माल बाद ठरवून मजुरी कापणे सोपे गेले. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांनाही कामगार मानले, तेव्हा कुठे त्यांना कायद्याचा आधार मिळाला. आज लॅपटॉप घरी आला तशी रात्री अकराची बैठकही घरी आली. विजेचे बिलही कर्मचाऱ्याच्याच माथी आले.

म्हणून खरा प्रश्न घर की कचेरी हा नसून, ठरविणार कोण हा आहे. केंद्र सरकारने २०२० च्या अखेरीस सेवाक्षेत्रासाठी आदर्श स्थायी आदेशांचा मसुदा काढला. त्यात घरून काम करण्याची मुभा आहे, पण ती देणे न देणे मालकाच्या मर्जीवर! २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीतही प्रसूतिरजेनंतर घरून काम करण्याची सोय मालकाशी होणाऱ्या समझोत्यावरच सोडली होती. एकट्या कर्मचाऱ्याने बलाढ्य कंपनीशी केलेला समझोता किती खरा असणार?

कामाचे ठिकाण लेखी करारात असावे, ते बदलायचे तर संघटनेशी बोलणी व्हावीत, कामाच्या तासांना मर्यादा असावी आणि घरचा खर्च कंपनीने द्यावा, या मागण्या अवास्तव नाहीत. संगणकापुढे बसणारा तरुण स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला कचरतो. सुटीत गावी आलेल्या त्या तरुणाशी पारावर बसून बोलणे, हे कार्यकर्त्याचे आजचे काम आहे.